शिंगराची मान: चालवून बघावी की एक्स-रे काढावा?

माळेगावच्या यात्रेत शिंगरू घेताना आपण भोवरे बघतो, दात बघतो, चाल बघतो. मानेची नुसती कमान बघतो. आत मज्जारज्जू दबत असेल तर ते वरून कळत नाही. आणि हा दोष सापडतो तो बहुतेक ६ महिने ते ३ वर्षांच्या, झपाट्यानं वाढणाऱ्या वछेऱ्यांत.

चालवून बघायला पैसे लागत नाहीत. शिंगरू लहान घेऱ्यात फिरवा, मागं सरकवा, मान वर धरून उतारावरून आणा. चालता चालता शेपूट एका अंगाला ओढा. धडधाकट जनावर लगेच ताठरून सावरतं. मज्जारज्जू दबलेलं तुमच्याकडं झुकत येतं. मागचे खूर उचलून बघा, टोकं घासून बोथट झालीत का. पण लटपट सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगामुळंही असते. तो गोमाश्यांमुळं पसरतो, म्हणून रक्त आधी तपासून घ्या.

एक्स-रे कारण दाखवतो. हलकी गुंगी देऊन उभ्यानंच बाजूनं फोटो काढतात. मानेत मणके सात. मणक्याच्या नळीची सगळ्यात अरुंद जागा त्याच मणक्याच्या पुढच्या टोकाच्या उंचीशी ताडून बघतात. चौथ्या ते सहाव्या मणक्यात हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या खाली, सातव्यात ५६ च्या खाली गेलं की संशय बळावतो. मान जरा तिरकी राहिली तरी माप चुकतं. खांद्याजवळ मांस जाड असतं, तिथं लहान मशीन कमी पडतं. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारूनच जनावर गाडीत चढवा. नळी अरुंद असूनही घोडा ठणठणीत असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

मायलोग्राममध्ये पूर्ण भूल देऊन मज्जारज्जूभोवती एक्स-रेत दिसणारं औषध सोडतात आणि मग फोटो काढतात. दाबाची नेमकी जागा कळते, पण भुलेतून उठताना असं जनावर पडण्याची भीती मोठी. ऑपरेशन करायचं पक्कं असेल तरच.

माझं मत असं: विकत घेताना शिंगरू लटपटलं तर एक्स-रेवर पैसे घालू नका, सौदा सोडा. घरचं असेल तर मात्र एक्स-रे लवकर काढा. वर्षाच्या आत दोष सापडला, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दाणा कमी करून वाढ मंदावता येते आणि काही शिंगरं सुधारतात. तोवर त्याच्या पाठीवर कुणाला बसवू नका, पोराला तर नाहीच.