मार्शल डीएसएल ४० सीआर : आवाज चार, टोनचे नॉब एकच संच

मार्शलचा व्हॉल्व्हवर चालणारा गिटार अ‍ॅम्प डीएसएल ४० सीआर नवीन घरी आला की बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं. क्लीन (स्वच्छ आवाज) सुंदर लागला की ओव्हरड्राइव्ह (फाटलेला, गुरगुरता आवाज) कर्कश होतो, आणि ओव्हरड्राइव्ह ताळ्यावर आणला की क्लीन कोंदट वाटतो. कारण पॅनेलवरच दिसतं. क्लासिक गेन चॅनलमध्ये क्लीन आणि क्रंच (हलका फाटलेला), अल्ट्रा गेनमध्ये ओव्हरड्राइव्हचे ओडी१ आणि ओडी२, असे चार आवाज आहेत. पण ट्रेबल, मिडल, बास, प्रेझेन्स आणि रेझोनन्स हे नॉब चारही आवाजांसाठी एकदाच दिले आहेत. शिवाय क्लीन आणि क्रंचचा गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) आणि व्हॉल्यूम सामाईक, ओडी१ आणि ओडी२ चाही सामाईक. म्हणजे खोक्यावर चार लिहिलेले असले, तरी एका बैठकीत नीट जुळवता येतात ते दोनच टोन. हे एकदा स्वीकारलं की हा अ‍ॅम्प फार उत्तम आहे. चारही आवाज एकाच वेळी परिपूर्ण करायला गेलात, तर नॉब फिरवण्यातच संध्याकाळ जाईल.

डीएसएल हे नाव १९९७ च्या जेसीएम२००० मालिकेतून आलं. ही सीआर आवृत्ती २०१८ ची. प्रीअ‍ॅम्पमध्ये (आवाज घडवणारा पहिला भाग) चार ईसीसी८३ व्हॉल्व्ह, पॉवर अ‍ॅम्पला (स्पीकर चालवणारा भाग) दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, आणि १२ इंची सेलेस्टियन व्ही-टाइप स्पीकर. पॉवर ४० किंवा २० वॉट. रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) डिजिटल असून दोन्ही चॅनलना त्याचा वेगळा नॉब आहे, आणि ते पुरेसं चांगलं आहे. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

टोन लावायला ओडी१ पासून सुरुवात करा, क्लीनपासून नको. गेन वाढला की सगळ्या चुका मोठ्या होऊन ऐकू येतात: जास्तीचा बास गदगदतो, जास्तीचा ट्रेबल टोचतो. क्लीन मात्र थोड्या कमी-जास्त इक्यूतही (ट्रेबल-मिडल-बासच्या जुळणीतही) निभावून नेतो. आधी अ‍ॅम्प स्टँडबायवर दोनेक मिनिटं तापू द्या. पेडल सगळे बाजूला काढा, गिटार थेट लावा, इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पच्या मध्ये पेडल जोडायची सोय) बंद, रिव्हर्ब शून्य, टोन शिफ्टचं बटण बाहेर, म्हणजे बंद. मग गेन ४, चॅनल व्हॉल्यूम ५, ट्रेबल-मिडल-बास तिन्ही ५, प्रेझेन्स आणि रेझोनन्स ३. आता मास्टर १ (एकूण आवाजाच्या दोन नॉबपैकी पहिला) हळूहळू वर न्या, तुम्ही खरोखर ज्या पातळीवर वाजवणार आहात तिथपर्यंत. या वाक्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला बास आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून घरी हळू आवाजात जो टोन भरदार वाटतो, तोच जॅम रूममध्ये ड्रम्सबरोबर गढूळ आणि टोचरा होतो. घरासाठी आणि बँडसाठी दोन वेगळ्या सेटिंग्ज लिहून ठेवाव्यात. एकच सेटिंग दोन्हीकडे चालत नाही.

पातळी ठरली की पहिला हात बासला. ब्रिज पिकअपवर खालची ई तार तळव्याने दाबून आठव्याच्या लयीत (एका मात्रेला दोन ठोके) वाजवा आणि प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येईपर्यंत बास कमी करत जा. हंबकर (दोन कॉइलचा, जाड आवाजाचा पिकअप) असेल तर बहुतेकदा ३ च्या आसपास थांबाल, सिंगल कॉइलला ४-५. एकटं वाजवताना हे जरा बारीक वाटेल. वाटू द्या, त्या जागेत बास गिटार आणि किक ड्रम बसणार आहेत. मग मिडल ६ ते ७. मिड काढून टाकलेला टोन घरी गोड लागतो आणि बँडमध्ये गायब होतो, कारण गिटारची ओळख मिडमध्येच असते. ट्रेबल त्यानंतर: वरच्या दोन तारांवर बाराव्या फ्रेटपुढे एखादी सुरावट वाजवा; सूर बारीक आणि काचेसारखा झाला तर अर्ध्या-अर्ध्या अंकाने खाली या.

ही टोनची जुळणी पॅसिव्ह आहे, म्हणजे नॉब काही वाढवत नाहीत, कापणं कमी-जास्त करतात, आणि एकमेकांवर परिणामही करतात. ट्रेबल ८-९ वर नेला की मिडलचा नॉब फिरवूनही फारसा फरक पडत नाही. ‘मिडल चालतच नाही’ अशी तक्रार असेल तर आधी ट्रेबल ५ वर आणा.

प्रेझेन्स आणि रेझोनन्स या जुळणीचा भाग नाहीत. ते पॉवर अ‍ॅम्पच्या फीडबॅकवर काम करतात, प्रेझेन्स वरच्या टोकाला आणि रेझोनन्स खालच्या. मास्टर वर गेला की त्यांचं वागणं बदलतं, म्हणून ते नेहमी शेवटी, अंतिम पातळीवरच लावायचे. रेझोनन्स ५ च्या वर नेण्याची गरज क्वचितच पडते. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या अ‍ॅम्पला तर मुळीच नाही, कोपराच बास वाढवतो. भिंतीपासून हातभर तरी पुढे ओढा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: स्पीकरचा वरचा पट्टा सरळ रेषेत जातो. अ‍ॅम्प जमिनीवर, तुम्ही उभे, तर ट्रेबल तुमच्या पोटऱ्यांना लागतो आणि कानाला टोन मंद वाटतो. मग ट्रेबल वाढवला जातो आणि समोर बसलेल्यांचे कान फुटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, आणि एकदा स्वतः स्पीकरच्या समोर कान नेऊन ऐका.

आता क्लीनकडे. इक्यूला हात लावायचा नाही. गेन ३ ते ४, आणि चॅनल व्हॉल्यूम इतका की पूर्ण जोराने मारलेला कॉर्ड ओडी१ च्या बरोबरीने ऐकू येईल. ओव्हरड्राइव्ह दाबलेला असतो (हळू आणि जोरात यातला फरक कमी होतो), क्लीन नसतो. त्यामुळे हळू वाजवून जुळवलेले चॅनल जोरात वाजवताना फसतात. हलक्या आणि जड, दोन्ही हातांनी तपासा. क्लीन कोंदट वाटला तर उपाय अ‍ॅम्पच्या बाहेर आहेत. क्लीनला मधल्या किंवा ब्रिज-मधल्या जोडीच्या पिकअपवर जा. ओव्हरड्राइव्हला गिटारचा टोन नॉब ७ वर आणा. अगदी नेमकं हवं असेल तर बॉसच्या जीई-७ सारखा इक्यू पेडल इनपुटच्या आधी ठेवा आणि फक्त क्लीनला चालू करा. ३.२ किलोहर्ट्झला ३ ते ४ डेसिबल वर, २०० हर्ट्झला २ खाली, एवढं पुरतं. सामाईक इक्यूवरचा सगळ्यात स्वस्त इलाज हाच.

क्रंच हा या अ‍ॅम्पचा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. गेन ६, ब्रिज हंबकर, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, तर जुन्या मार्शलचा दणदणीत रिदम मिळतो. तोच व्हॉल्यूम ४ वर आणा, बऱ्यापैकी स्वच्छ आवाज येतो. व्हॉल्यूम कमी करताना वरचे स्वर मरत असतील तर गिटारमध्ये ट्रेबल ब्लीडचा (वरचे स्वर वाचवणारा) कपॅसिटर बसवून घ्या. रॉक किंवा ब्लूज वाजवणाऱ्याने क्लासिक गेन कायम क्रंचवर ठेवावा, स्वच्छ आवाज गिटारच्या नॉबने काढावा आणि अल्ट्रा गेनवर लीड ठेवावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. क्लीन-क्रंच बटणाने जाणाऱ्याला दर वेळी आवाजाच्या पातळीत उडी मिळते, कारण व्हॉल्यूमचा नॉब दोघांना एकच आहे.

ओडी२ बद्दल मत थोडं वेगळं आहे. गेन मुबलक आणि खालचा मिड जाड. घरी एकट्याने वाजवायला भारी. बँडमध्ये मात्र तो पसरतो. बहुतेकांना हवा असतो तो घट्ट मेटल रिदम, आणि तो ओडी१ वर ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्हचा पेडल) लावून जास्त चांगला मिळतो. पेडलचा ड्राइव्ह शून्य, लेव्हल ८, टोन मध्यावर. अ‍ॅम्पचा गेन ५ च्या पुढे नको. पेडल खालचा बास अ‍ॅम्पच्या आधीच छाटतो आणि मिड पुढे ढकलतो, म्हणून ठोके वेगळे होतात. ओडी२ वापरायचाच असेल तर गेन ४ आणि बास २ पासून वर या. टोन शिफ्टचं बटण मिड ओरबाडून काढतं. दोन गिटार असलेल्या बँडमध्ये ते बंदच राहिलेलं बरं.

घरात वाजवणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज २० वॉटच्या स्विचबद्दल आहे. ४० वरून २० म्हणजे फक्त ३ डेसिबलची घट. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे एक दशांश पॉवर लागते: ४० च्या जागी ४ वॉट. त्यामुळे २० वॉटवर हा अ‍ॅम्प थोडा मऊ होतो, लवकर दबतो, पण शेजारी तेवढेच हैराण राहतात. फ्लॅटमध्ये मास्टरचा नॉब १ या अंकाच्या आसपास अडकतो, तिथे नॉब केसभर हलला तरी आवाज उडी घेतो. फ्लॅटपुरताच अ‍ॅम्प हवा असेल तर याच मालिकेतला ५ वॉटचा डीएसएल ५ सीआर घ्या, तो अर्ध्या वॉटवरही चालतो. ४० वॉटचा आग्रह धरू नका.

दोन मास्टर ही फार उपयोगी सोय. मास्टर १ रिदमला, मास्टर २ सोलोला थोडा वर. फरक ऐकू यावा पण धक्का बसू नये. सोलोला गेन वाढवणं ही चूक आहे, कारण गेन वाढला की आवाज दबतो आणि उलट मागे जातो. मास्टर आणि चारही आवाज पायाने हवे असतील तर मार्शलचा सहा बटणांचा वेगळा फूटस्विच घ्यावा लागतो, किंवा मागच्या मिडी (उपकरणाला डिजिटल आदेश देणाऱ्या) इनपुटने काम साधतं. बजेट ठरवताना हा खर्च धरा.

इफेक्ट्स लूप सीरिज आहे, सगळा सिग्नल पेडलमधून जातो. म्हणून डिलेचा मिक्स पेडलवरच २५-३० टक्क्यांवर ठेवा. लूपमधला पेडल चिरकत असेल तर चॅनल व्हॉल्यूम कमी करून मास्टर वाढवा. वाह, ओव्हरड्राइव्ह, कंप्रेसर हे पेडल इनपुटच्या आधी. डिले आणि मॉड्युलेशन लूपमध्ये.

नवा स्पीकर कडक असतो. काही आठवडे मध्यम आवाजात वाजवल्यावर वरची धार कमी होते, तोपर्यंत तो बदलायची घाई नको. बदलायचाच झाला तर मूळ स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम बघून तेवढ्याचाच घ्या, आणि पॉवरही तपासा. सेलेस्टियनचा २५ वॉटचा एकटा ग्रीनबॅक या अ‍ॅम्पला पुरत नाही, जळू शकतो. ६५ वॉटचा क्रीमबॅक सुरक्षित आहे आणि मिडही गोलसर देतो. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा तो हमखास रस्ता आहे.

आपल्याकडच्या विजेबद्दल दोन शब्द. गुणगुण येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे अजूनही भेटतात. एका हातात तारा आणि ओठांना माइक असताना हा खेळ जीव घेऊ शकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो आणि तापतो, साइन वेव्हवरच चालवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यानंतर नॉब खरखरले किंवा वाजवताना आवाज मध्येच बसला, तर व्हॉल्व्ह बदलायच्या आधी लूप चालू करून सेंड आणि रिटर्न (लूपचे दोन जॅक) एका छोट्या केबलने जोडून बघा. आवाज परत आला तर दोष जॅकच्या गंजलेल्या संपर्काचा आहे, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरवर काम भागतं. चॅसिस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो, आणि ईएल३४ बदलल्यावर बायस (व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या प्रवाहाची जुळणी) तपासावाच लागतो. ते तंत्रज्ञाचं काम.

दुकानात तपासताना आपली गिटार आणि आपली केबल न्या. अ‍ॅम्प तापू द्या, ओडी२ वर गेन ८ ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. सळसळ येणारच. पण शिट्टी किंवा घंटेसारखा नाद येत असेल, तर एखादा ईसीसी८३ मायक्रोफोनिक (थरथर पकडून स्वतःच वाजणारा) आहे. दुसरा अ‍ॅम्प मागा. नंतर क्लीनवर मास्टर ५ पर्यंत नेऊन खालच्या तारांवर एक-एक सूर वाजवत वर चढा. कुठल्या एका सुरावर कॅबिनेट खडखडलं तर मागच्या पट्टीचे स्क्रू आवळून परत ऐका. स्क्रू आवळूनही खडखड राहिली तर तो स्पीकरचा दोष, तिथेच बदलून घ्या.