आरएक्स 100 चा हाताने घडवलेला पाइप: पत्राकाम उत्तम, मोजमाप मात्र आपलेच न्यावे

यामाहा आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या मूळ सायलेन्सरऐवजी एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे आधी रुंदावत आणि मग निमुळता होत जाणारा शंकूंचा एक्झॉस्ट पाइप, करवून घ्यावा, या हेतूने मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहानशा वर्कशॉपमध्ये गेलो. पत्रा आणि मजुरी धरून साडेपाच हजार रुपये झाले, आणि चार दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम अकराव्या दिवशी हातात आले.

अशा कामाची खरी परीक्षा शंकूंमध्ये असते. 1 मिमी सीआर (थंड अवस्थेत लाटलेल्या पोलादी) पत्र्यावर दोन कंस आखून पंख्यासारखा तुकडा कापायचा, तो रोलरमधून काढायचा आणि शिवण आर्गन वेल्डिंगने जोडायची, हे सांगायला सोपे आहे. पण अरुंद टोकाकडे पत्रा रोलरला दाद देत नाही आणि तिथे पाइपावर धरून लाकडी हातोड्यानेच गोलाई आणावी लागते. ती इथल्या कारागिराने फारच सुबक आणली आहे. सर्व तुकडे आधी नुसते टाके मारून गाडीवर लावून पाहिले आणि मगच पूर्ण वेल्डिंग केले, त्यामुळे फ्लँज (पाइप इंजिनाला जोडणारी चकती) जराही वाकली नाही.

गणित मात्र या दुकानात होत नाही. ‘आरएक्सचा साचा तयार आहे,’ एवढेच उत्तर मिळते, आणि पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची भोके) घासून मोठे केलेल्या व न घासलेल्या इंजिनांना तोच साचा लागतो. पायपातला रुंदावत जाणारा शंकू कमी दाबाची लाट परत पाठवून जळका वायू ओढतो, तर पुढचा निमुळता शंकू जास्त दाबाची लाट परत पाठवून बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पोर्ट मिटण्याआधी सिलिंडरमध्ये ढकलतो. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी याच लाटांना कामाला लावले. ही वेळ साधते ती लांबीने. क्रँकच्या एका फेरीत एक्झॉस्ट पोर्ट 180 अंश उघडा राहत असेल आणि जोर 9000 आरपीएमला हवा असेल, तर पिस्टनपासून निमुळत्या शंकूच्या साधारण मध्यापर्यंत 34 इंच लागतात. 8500 ला हवा असेल तर 36. साच्याला हा दोन इंचांचा फरक कळत नाही, म्हणून मी पोर्टचे अंश स्वतः मोजून रेखाचित्र नेले.

तरीही एक चूक झालीच. शेवटची बारीक नळी मी आतून 22 मिमी मागितली होती. हाताशी होती म्हणून 19 ची बसवली गेली. ही नळी अरुंद झाली की वायू अडतो, इंजिन तापते आणि पिस्टन चिकटण्याची भीती असते. दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता आणि पैसे न घेता ती बदलून दिली, हे नमूद केले पाहिजे.

मूळ इंजिन 7500 आरपीएमला 11 अश्वशक्ती देते. आता कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) मोठा केल्यावर गाडी 7000 च्या पुढे अक्षरशः उसळते. मात्र त्याखाली ती मरगळलेली वाटते आणि शहरात सतत गिअर खाली घ्यावा लागतो. टोकाला ग्लासवूल भरलेला डबा मी आग्रहाने लावून घेतला, कारण आवाजाने ताकद वाढते हा समज निराधार आहे आणि पोलीस असे पाइप रोडरोलरखाली घालतात. मूळ सायलेन्सर तेल लावून माळ्यावर ठेवला आहे; पासिंगला जाताना तोच लागणार.