‘जुना स्टॉक, सीलबंद’ म्हणून गळ्यात मारलेली सुई

शूर (Shure) कंपनीने २०१८ साली रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि जी तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करते ती डबी) आणि सुया बनवणं बंद केलं. तेव्हापासून त्यांच्या व्ही-१५ टाइप थ्री या कार्ट्रिजची व्हीएन-३५-ई सुई ‘जुना स्टॉक, सील न फोडलेला’ असं सांगून विकणाऱ्यांचं चांगलंच फावलं आहे. नुकतीच तपासलेली सुई त्यातलीच. पैसे आगाऊ घेतलेले, पाकीट पिवळट, छपाई जुन्या वळणाची. आत मात्र साधी बदली सुई.

शंका आली ती भारावरून, म्हणजे सुई तबकडीवर किती वजनाने टेकते त्यावरून. टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा हात) एक ग्रॅमवर लावला, अँटीस्केटिंगही (हात आत ओढला जाऊ नये म्हणूनचा उलटा ताण) तेवढंच. तबकडीच्या बाहेरच्या चरांत आवाज ठीक होता. लेबलाजवळच्या गाण्यात गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागले. भार अडीच ग्रॅमवर नेला तेव्हा कुठे सावरले. अस्सल सुईला पाऊण ते सव्वा ग्रॅम पुरतो. या सुईच्या दांडीमागचं (दांडी म्हणजे टोकाचा हिरा धरणारी बारीक काडी) रबर ताठ आहे, चरातल्या बारीक वळणांबरोबर ते दांडीला हलूच देत नाही. विकणारा म्हणतो, ‘भार वाढवा, चालेल.’ चालेल हो, पण मग किंमत अस्सल सुईची का घेतली?

पुढचं भिंगाने दिसलं. बाजूने उजेड टाकून ४० पट भिंगातून पाहिलं, तर टोकाचा हिऱ्याचा कण धातूच्या बुंध्यावर चिकटवलेला. स्वस्त सुयांची ही ठरलेली खूण. टोक गोल की अंडाकृती हे ठरवायला साधारण २०० पट मायक्रोस्कोप लागतो. बुंधा मात्र साध्या भिंगातही लपत नाही. वापरलेली सुई पुसून पुन्हा पाकिटात घालणारेही आहेत. तिच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना झिजलेले, सपाट, चकाकते ठिपके दिसतात.

बदली सुई वाईट नसते. जपानची जिको कंपनी स्वतःच्या नावाने बनवते, ती खुशाल घ्यावी. आणि खरा सीलबंद माल मिळाला तरी जपून: इतक्या वर्षांत रबर कडक होतं किंवा बसतं, आणि मग कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकतं.

पैसे पाठवण्याआधी दांडीचा बाजूने आणि समोरून जवळचा फोटो मागवा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. एक ग्रॅमवर तबकडीचं शेवटचं गाणं वाजतानाचा व्हिडिओही मागा, त्यात भाराचा काटा दिसला पाहिजे. ‘सील फोडता येत नाही’ असं उत्तर आलं, तर सुई परत घेण्याची हमी लेखी मागा आणि पाकीट स्वतः उघडताना सलग चित्रीकरण करा.