पोराला नॅस्कारमध्ये जायचंय: लार्सनचा रस्ता धरायचा की बायरनचा?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट, कॉन्कर्ड, हॅरिसबर्ग या पट्ट्यात बँकेत नाहीतर आयटीत असलेली मराठी घरं आता बरीच आहेत, आणि नॅस्कारच्या एवढ्या टीम्सची शॉप्स, म्हणजे गाड्या बांधायच्या कार्यशाळा, आजूबाजूला असल्यावर एखादं पोरगं क्रिकेटची बॅट ठेवून गाड्यांच्या मागे लागणार हे ओघानं आलंच. मग आईबाबा विचारतात की याचं खरंच करियर होतं का आणि सुरुवात कुठून करायची, आणि समोरचा सांगतो "गो कार्टिंगला घाला" आणि विषय संपतो. तसं काही होत नाही हो. स्टॉक कारच्या, म्हणजे नॅस्कारमध्ये पळते त्या गाडीच्या, सीटपर्यंत जाणारे रस्ते बरेच आहेत, पण त्यातले दोन एकमेकांच्या इतके उलटे आहेत की ते समोरासमोर ठेवले की बाकीचं आपोआप कळायला लागतं. गंमत म्हणजे दोन्ही रस्ते शेवटी एकाच टीममध्ये येऊन मिळतात. हेन्ड्रिक मोटरस्पोर्ट्सची पाच नंबरची गाडी काइल लार्सन चालवतो आणि चोवीस नंबरची विल्यम बायरन. टीम तीच, शेवरले गाड्या त्याच, इंजिनं एकाच शॉपमधली.

आधी एक कडू गोष्ट सांगून टाकतो. कप सिरीज म्हणजे नॅस्कारची सगळ्यात वरची पायरी, तिथे ३६ गाड्यांना चार्टर, म्हणजे प्रत्येक रेसला हमखास जागा, आहे आणि एका रेसला सहसा जास्तीत जास्त ४० गाड्या उतरतात, म्हणजे अख्ख्या जगात ही नोकरी चाळीस जणांनासुद्धा नीट पुरत नाही. यूपीएससीला दरवर्षी नव्या जागा तरी निघतात, इथे कुणीतरी रिटायर झाल्याशिवाय किंवा कुणाला काढल्याशिवाय जागाच होत नाही. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

लार्सन: मातीतला

जन्म १९९२, कॅलिफोर्नियातलं एल्क ग्रोव्ह. सातव्या वर्षी आउटलॉ कार्टमध्ये बसला. ही आपल्या मॉलमधली कार्ट नाही बरं का, हिला पिंजरा असतो, वर पंख असतो आणि ती मातीच्या छोट्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, पळते. तिथून स्प्रिंट कार. स्प्रिंट कार म्हणजे काय हे एकदा डोळ्यांनी बघायलाच पाहिजे, सुमारे ९०० हॉर्सपॉवर, वजन ड्रायव्हरसकट साधारण ६५० किलोच्या आसपास, गिअरबॉक्स नाही, स्टार्टर नाही, मागून ट्रकनं ढकलून चालू करतात. पुढच्या गाडीच्या चाकातून ओली माती थेट तोंडावर येते म्हणून हेल्मेटच्या काचेवर पातळ प्लॅस्टिकचे थरावर थर लावलेले असतात, दिसेनासं झालं की ड्रायव्हर स्टीअरिंगवरचा एक हात काढून वरचा थर ओढून फेकून देतो आणि हे सगळं गाडी आडवी घसरत असताना. आणि ट्रॅकसुद्धा दर दहा मिनिटांनी बदलतो, ओल सुकते, आतली बाजू गुळगुळीत होते, बाहेर भिंतीकडे मातीचा एक बांध तयार होतो, त्याला कुशन म्हणतात, जो त्या कुशनवर चाक टेकवून जाऊ शकतो तो पुढे.

२०११ ला ओहायोच्या एल्डोरा स्पीडवेवर फोर क्राउन नॅशनल्समध्ये एकाच रात्रीत यूएसएसी या अमेरिकी रेसिंग संस्थेच्या तीनही प्रकारच्या गाड्यांच्या रेसेस यानं जिंकून दाखवल्या, तेव्हा वय १९. त्यानंतर टीम मालकांचं लक्ष गेलं, २०१२ ला चिप गनासीच्या संघानं डेव्हलपमेंट ड्रायव्हर म्हणून घेतलं आणि त्याच वर्षी नॅस्कारच्या ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी (अल्पसंख्याक आणि महिला ड्रायव्हरांसाठीच्या) कार्यक्रमातून तो के अँड एन ईस्ट या खालच्या पायरीच्या सिरीजचा चॅम्पियन झाला. आई जपानी अमेरिकन आहे, म्हणून त्या कार्यक्रमात तो बसला. २०१४ ला कपमध्ये रूकी ऑफ द इयर. पण पहिला विजय मिशिगनला, ऑगस्ट २०१६ मध्ये. म्हणजे एवढा गाजलेला पोरगा, तरी कपमध्ये पहिली रेस जिंकायला तिसरा पूर्ण सीझन उजाडला.

मग एप्रिल २०२०. कोविडमुळे रेसिंग बंद, सगळे घरून सिम्युलेटरवर खेळत होते, तिथे माइक चालू आहे हे न कळता यानं वर्णद्वेषी शिवी दिली. दोन दिवसांत स्पॉन्सर गेले, नॅस्कारनं सस्पेंड केलं आणि टीमनं काढून टाकलं. मातीतल्या माणसाची नोकरी सिम्युलेटरवर गेली, काय बोलायचं! पण इथेच त्याच्या रस्त्याचा सगळ्यात मोठा फायदा दिसतो. त्या वर्षी तो परत मातीवर गेला आणि रेसमागून रेस जिंकत सुटला, त्यावर त्याचं पोट चालू शकलं. २०२१ ला हेन्ड्रिकनं घेतलं, दहा रेसेस आणि चॅम्पियनशिप, वर त्याच वर्षी स्प्रिंट कारवाल्यांची सगळ्यात मानाची नॉक्सव्हिल नॅशनल्ससुद्धा. २०२५ ला दुसरी चॅम्पियनशिप. आता तर मेहुणा ब्रॅड स्वीटबरोबर हाय लिमिट नावाची स्वतःची स्प्रिंट कार सिरीज चालवतो.

बायरन: कीबोर्डवाल्या घरातला

जन्म १९९७, शार्लटचाच. वडील वेल्थ मॅनेजमेंटमध्ये, घरात रेसिंग कुणीच करत नव्हतं, शाळा चांगली प्रायव्हेट. थोडक्यात आपल्या ओळखीतलं घर. हा तेराव्या वर्षाच्या आसपास आयरेसिंगवर बसला, हे कॉम्प्युटरवरचं सिम्युलेटर आहे पण त्यात खरे ट्रॅक लेझरनं मोजून बसवलेत, म्हणजे ट्रॅकवरचा उंचवटासुद्धा जागच्या जागी. तिथे शंभराच्या वर रेसेस जिंकल्या तेव्हा कुठे वडिलांना पटलं, आणि २०१२ ला पहिल्यांदा खऱ्या लेजंड कारमध्ये, म्हणजे सुरुवातीला चालवतात त्या छोट्या रेसिंग गाडीत, बसला. सातव्या वर्षी सुरू करणाऱ्यांच्या जगात हे म्हणजे फारच उशिरा.

पण त्यानंतरचा वेग बघा. २०१४ ला जेआर मोटरस्पोर्ट्स टीमची लेट मॉडेल (गावोगावच्या ट्रॅकवर पळणारी स्टॉक कार), २०१५ ला के अँड एन ईस्ट चॅम्पियन (हो, लार्सननं जिंकलेली तीच सिरीज), २०१६ ला नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये काइल बुशच्या टीमच्या ट्रकमधून सात विजय, २०१७ ला कपच्या खालोखालच्या एक्सफिनिटी सिरीजचा चॅम्पियन, २०१८ ला कप, तेही जेफ गॉर्डन या जुन्या चॅम्पियनच्या चोवीस नंबरच्या गाडीत आणि वर रूकी ऑफ द इयर. सहा वर्षांत लेजंड कार ते कप. पहिला कप विजय डेटोनाला ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे हाही तिसऱ्याच सीझनला, इथे दोघे बरोबरीत. २०२४ आणि २०२५ ची डेटोना ५००, म्हणजे नॅस्कारची सगळ्यात मानाची रेस, लागोपाठ जिंकली. २०२५ ची थोडी नशिबानं, शेवटच्या लॅपला पुढचे सगळे एकमेकांत अडकले आणि हा वरच्या लेनमधून निसटला, पण तिथे निसटायलाही डोकं जागेवर लागतं.

गाडी चालवताना फरक दिसतो का?

दिसतो. लार्सनला फ्लोरिडातल्या होमस्टेडच्या ट्रॅकवर बघा, मागची उजवी बाजू भिंतीपासून काही इंचांवर ठेवून लॅपमागून लॅप तसाच जातो. ती मातीवरच्या कुशनची सवय आहे, डांबरावर आणलेली. कधीकधी भिंतीला चिकटतो आणि गाडी घालवतो, ते पण त्यातच आलं. बायरन वेगळा, तो डेटा वाचतो, रेसच्या आधी तयारी करून येतो आणि त्याचं सगळ्यात चांगलं जमलं ते क्रू चीफ (गाडीची तयारी आणि डावपेच बघणारा) रूडी फ्यूगलबरोबर, जो २०१६ ला ट्रकमध्येही त्याच्याबरोबर होता आणि २०२१ ला कपमध्ये आला. माझं स्पष्ट मत, हातातली कला लार्सनकडे जास्त आहे, पण ती शिकवता येत नाही. बायरननं जे केलं ते निदान थोडं तरी शिकता येतं. आणि कला असो की तयारी, नोव्हेंबर २०२५ ला फिनिक्सला फायनलमध्ये दुसऱ्या टीमचा डेनी हॅमलिन पुढे होता, टायटल जवळजवळ खिशात, तीन लॅप उरले असताना बायरनचा टायर गेला, तो भिंतीवर आदळला, पिवळा झेंडा निघाला, त्या पिटस्टॉपमध्ये लार्सननं वेळ वाचवायला दोनच टायर घेतले, हॅमलिननं चार, आणि चॅम्पियन लार्सन. त्या दिवशी लार्सननं एकही लॅप लीड केला नव्हता. करियर म्हणून निवडताना हे लक्षात ठेवा.

पैसा, म्हणजे मूळ मुद्दा

लोक म्हणतात बायरनचा रस्ता स्वस्त, कॉम्प्युटर घेतला की झालं. अर्धवट माहिती आहे ही. स्वस्त आहे ती फक्त परीक्षा. पोराला खरंच गती आहे का, तीन तास एका जागी बसून चूक न करता चालवता येतं का, हे एका चांगल्या स्टीअरिंग आणि पेडलच्या सेटवर घरात कळतं, रात्रीचा होमवर्क करून. पण सिम्युलेटरवरून उतरून लेट मॉडेलमध्ये बसलं की मीटर पळायला लागतो, तिथे गाडी, टायर, इंजिन, मेकॅनिक, ट्रेलर सगळं कुणीतरी भरायचं असतं आणि खालच्या सिरीजमध्ये सीट बहुतेक वेळा त्यालाच मिळते जो सोबत स्पॉन्सर घेऊन येतो. बायरनबरोबर लिबर्टी युनिव्हर्सिटी अगदी सुरुवातीपासून स्पॉन्सर म्हणून होती आणि घरात फायनान्स कळणारा बाप होता. हे दोन्ही नसतं तर नुसत्या शंभर ऑनलाइन विजयांवर काय झालं असतं ते तुम्हीच ठरवा.

मातीवर थोडं उलटं आहे. तिथे अजूनही गाडीचा मालक वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा ही पद्धत आहे, चालवणारा चांगला असेल तर मालक स्वतः बोलावून सीट देतो आणि बक्षिसात वाटा मिळतो. त्यामुळे श्रीमंत नसलेल्या घरातला पोरगाही वर येऊ शकतो. पण त्याआधीची वर्षं घरच्यांनाच काढावी लागतात, दर शुक्रवार-शनिवार ट्रेलर जोडून कुठल्यातरी गावाच्या ट्रॅकवर, आणि पोरगं सात-आठ वर्षांचं असताना हे सुरू करायचं. आपण त्या वयात अबॅकस आणि स्पेलिंग बीला घातलेलं असतं. डांबरावरच्या लेट मॉडेलमध्ये वाढलेल्या हॅमलिनच्या आईवडिलांनी तर त्याच्या रेसिंगसाठी घर गहाण टाकलं होतं. त्यांचं फळाला आलं म्हणून आपल्याला ती गोष्ट माहीत आहे, ज्यांचं आलं नाही त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही.

जिवाचं काय

आईला हेच विचारायचं असतं. २००१ ला डेटोनाला डेल अर्नहार्ट हा नावाजलेला ड्रायव्हर अपघातात गेल्यानंतर नॅस्कारनं मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं, भिंतींना धक्का शोषणारे बॅरियर लावले, आणि तेव्हापासून कपच्या रेसमध्ये एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. पण मेंदूला बसणारा धक्का राहिलाच आहे, २०२२ ला पोकोनोच्या क्वालिफायिंगमध्ये आदळल्यावर कर्ट बुशची कप कारकीर्द तिथेच संपली. मातीवर धोका उघड जास्त. २०१३ ला जेसन लेफ्लर न्यू जर्सीत स्प्रिंट कारच्या अपघातात दगावला, त्याच वर्षी टोनी स्टीवर्टचा पाय मोडला, २०२३ ला हेन्ड्रिकच्याच अलेक्स बोमननं आयोवात मातीवर पाठीचा मणका मोडून घेतला. सिम्युलेटरवर फार तर मान अवघडते. या एका मुद्द्यावर माझी तुलना एकतर्फी आहे आणि ती तशीच राहू दे.

अजून एक पोरगा सांगायला हवा, कारण बायरनसारखे वडील सगळ्यांना नसतात. राजा करूथ, वॉशिंग्टन डीसीत वाढलेला, घरात रेसिंग नाही, आयरेसिंगवर वर आला, ऑनलाइन रेसिंगमधून ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटीत निवडला गेला आणि मार्च २०२४ मध्ये लास वेगसला ट्रक सिरीजची रेस जिंकला. मधल्या काळात विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीत मोटरस्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकत होता. भारतीय घरांतल्या पोरांनी हा कार्यक्रम आता कुठल्या नावानं आणि कुणासाठी चालतो ते नीट बघून ठेवावं.

पुण्या-कोल्हापुरातून विचारणाऱ्यांना थोडक्यात: कोल्हापूरला कार्टिंगची चांगली परंपरा आहे, पण तिथून रस्ता जातो फॉर्म्युला गाड्यांकडे. चेन्नई, कोईमतूर, नोएडा ही सगळी डावी-उजवी वळणं असलेली सर्किट्स, ओव्हलवर डाव्या बाजूला झुकलेली गाडी कशी चालते ते तिथे कळणार नाही. नरेन कार्तिकेयन फॉर्म्युला वन करून २०१० ला ट्रक सिरीजमध्ये आला, पहिल्या रेसला मार्टिन्सव्हिलला तेरावा, वर्षाअखेर मोस्ट पॉप्युलर ड्रायव्हरचं बक्षीसही मिळालं, पण पुढचा सीझन काही झाला नाही. फॉर्म्युला वनवाल्याची ही गत.

मग काय करायचं? पोरगं सात-आठचं असेल, तुमच्यापैकी एकाला गाड्या उघडायला मनापासून आवडत असतील आणि वीकेंड द्यायची तयारी असेल तर माती, बिनधास्त. यातलं एकही नसेल तर नको. पोरगं बारा-तेराचं असेल तर वर्षभर सिम्युलेटर, तोही ऑनलाइन लीगमध्ये ओळखीच्या नसलेल्या लोकांशी, आणि तिथे सातत्यानं पुढे येत असेल तरच हॅरिसबर्गला लेजंड कार बघायला जा, ती तिथेच बनते आणि बाराव्या वर्षापासून चालवता येते. पंधरा-सोळाचं असेल आणि अजून खऱ्या गाडीत बसलेलंच नसेल तर ड्रायव्हरची सीट डोक्यातून काढा, इंजिनिअर, स्पॉटर (उंचावरून बघून ड्रायव्हरला रेडिओवर सांगणारा), सिम्युलेटर ड्रायव्हर या नोकऱ्या याच गावात आहेत आणि चाळीसपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

आणि काहीही विकत घ्यायच्या आधी उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमला घेऊन जा, करूथच्या युनिव्हर्सिटीचं फुटबॉल जिथे चालतं त्याच मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक आहे. रेस संपल्यावर गाड्यांपाशी जाता आलं तर जा, आणि ज्या बापाची गाडी त्या रात्री ठोकलीय त्याला विचारा की पुढच्या शनिवारपर्यंत ती कशी उभी करणार आणि पैसे कुठून आणणार.