साखर बंद, गुळाचा चहा का सकाळची भाकर? जीव घाबरा होत असेल तर आधी काय बदलावं

आमच्याकडे वेचणीच्या दिवसात सकाळ म्हणजे दोन चमचे साखरेचा चहा, त्यात बुडवलेला टोस्ट आणि निघाले वावरात. साडेदहाच्या सुमारास पऱ्हाटीत उभ्या उभ्या छातीत धडधड, हाताला कापरं, दरदरून घाम, वाटलं गेलो आता. ईसीजी नॉर्मल निघाला, मग कळलं की हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका. (पहिल्यांदाच होत असेल तर तपासून घ्याच, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनपण, रक्त कमी असलं तरी धडधडते.) मग सल्ले सुरू झाले, कोणी म्हणे साखर सोड, कोणी म्हणे गूळ घे, आणि मावशी म्हणे, "आधी भाकर खात जा वं पोरी, मंग पे चहा किती प्यायचा तं." तिन्ही करून पाहिलं.

साखर पूर्ण बंद करण्यामागचं लॉजिक असं की उपाशीपोटी गोड घेतलं की रक्तातली साखर झपकन चढते, इन्सुलिन (साखर उतरवणारं हार्मोन) सुटते, मग दोन-चार तासांत काही जणांची साखर उतरते आणि ती सावरायला शरीर अॅड्रेनालिन (घाबरल्यावर सुटणारं हार्मोन) सोडते, अन् पॅनिकमधली धडधड, कापरं, घाम हेपण त्याचंच काम, म्हणून दोन्ही सारखंच वाटते. पण साखर खरंच खूप खाली गेलेली क्वचितच सापडते, त्या वेळी ग्लुकोमीटर (साखर मोजायचं मशीन) लावला तर बहुतेकांचा आकडा नॉर्मलच येतो. मी बंद केली आणि चौथ्या दिवशी एका लग्नात पाच जिलब्या हाणल्या. त्यापेक्षा अर्धी करणं जमते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, म्हणजे सहा चमचे, आणि माझे फक्त चहातूनच बारा होत होते!

गुळाचा चहा चवीसाठी प्या, बाकी गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच, यात फरक शोधू नका.

भाकर मात्र लागू पडली. ज्वारीची भाकर, सोबत बेसन नाहीतर तुरीचं वरण, वरून शेंगदाण्याची चटणी, हे हळूहळू पचते आणि साखर एकदम चढत-उतरत नाही. अडचण एकच, पहाटे चूल कोण पेटवणार, तर रात्रीची शिळी भाकर दह्यासोबत चालते, तेही नाही जमलं तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे पदरात बांधून न्या. उपासाच्या दिवशी नुसत्या चहावर राहणं तर सगळ्यात वाईट.

आणि एक गोष्ट जी कोणीच सांगितली नाही, ती म्हणजे चहा मोजा. साखरेनं पॅनिक होते याला तेवढा पक्का पुरावा नाही, पण कॅफिनचा आहे, पॅनिकच्या पेशंटना एकदम पाचेक कप कॉफीएवढं कॅफिन देऊन पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्यांना अटॅक आला. चहात कॉफीपेक्षा कमी असते, मान्य, पण सहा-सात कप झाले की तेही थोडं नाही. एकदम सोडू नका, डोकं फुटते, आठवड्याला एक कप कमी करा.

निवडायचं असेल तर अटॅक कधी येतो ते बघा. उपाशीपोटी येत असेल तर भाकर आधी, चहानंतर येत असेल तर आधी चहा कमी करा. केव्हाही येत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर खाण्यावर अडकून बसू नका, यावर समुपदेशन आणि गोळ्या दोन्हीचा चांगला उपयोग होतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांसाठी हे सगळं उलट आहे बरं का. त्यांना कापरं सुटलं आणि आकडा ७० च्या खाली दिसला तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मशीन जवळ नसेल तर वाट न बघता साखर आधी.