इनिट ऑन अ‍ॅलॉक : हीपचं टेन्शन जातं, स्टॅकचं तुमचं तुम्ही बघा

रेटिंग ५ पैकी ४.

लिनक्स कर्नलमधे (सिस्टमच्या गाभ्यात) इनिट ऑन अ‍ॅलॉक हे मेमरीचं सेटिंग २०१९ ला ५.३ व्हर्जनमधे आलं, तरी अजून बऱ्याच सर्व्हरवाल्यांच्या गावी नाही म्हणून लिहितोय. सिक्युरिटी स्कॅनच्या रिपोर्टमधे पार तळाला एक ओळ असतेच, कर्नल इन्फो लीक (म्हणजे कर्नलच्या मेमरीतली माहिती बाहेर गळणं), स्कोअर १० पैकी ३.३, लो, आणि ती वाचून कोणी ढिम्म हलत नाही. बरोबरच आहे म्हणा, लोकल लॉगिन लागतं, त्यातून काही बदलता येत नाही, चार-दोन बाइट वाचता येतात एवढंच.

पण ते बाइट येतात कुठून बघा. स्ट्रक्टमधे (एकत्र बांधलेल्या फील्डच्या गठ्ठ्यात) आधी एक बाइटचा फ्लॅग नि मग आठ बाइटचा नंबर असेल तर ६४ बिटवर कंपायलर मधे ७ बाइट मोकळे सोडतो. ड्रायव्हरवाला सगळी फील्ड नीट भरतो, कॉपी टू युजर मारतो (म्हणजे तो गठ्ठा कर्नलमधून युजरच्या प्रोग्रॅमला देतो), रिव्ह्यूत कुणाला काही खटकत नाही कारण भरायचं राहिलंय काय, आणि त्या ७ बाइटमधून आधीच्याचं उरलंसुरलं बाहेर, पाटी न पुसता दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखं. बहुतेकदा कचराच निघतो. पण तिथे जुना कर्नल पॉइंटर (कर्नलच्या मेमरीतला पत्ता) पडलेला असला की झालं, त्याचा सगळ्यात खालचा बाइट हाती लागत नाही पण लागतोय कशाला, एक्स८६ वर केएएसएलआर (कर्नल मेमरीत कुठे बसेल ते बूटच्या वेळी रँडम ठरवणारी सोय) कर्नलचा बेस २ एमबीच्या पटीतच हलवतो, खालचे बिट रँडम नसतातच! मग ज्या मोठ्या बगचं घोडं फक्त पत्त्यापाशी अडलेलं असतं त्याला रान मोकळं.

हे सेटिंग करतं काय, तर हीपमधून (कर्नल चालू असताना लागेल तशी मेमरी देतो तो साठा) मेमरी देतानाच शून्य भरून देतं. बूट लाइनमधे init_on_alloc=1 लिहायचं, बास. कर्नलच्याच माहितीत लिहिलंय की बऱ्याच ठिकाणी १ टक्क्यापेक्षा कमी फरक, मुद्दाम ताण देणाऱ्या टेस्टमधे ७ पर्यंत. याचाच भाऊ इनिट ऑन फ्री (मेमरी परत घेताना शून्य भरणारा) मात्र ३ ते ५ टक्के खातो, कारण तो थंड पडलेल्या मेमरीला परत हात लावत बसतो, मी तरी तो सगळीकडे लावणार नाही.

एक स्टार कापला तो स्टॅकसाठी (फंक्शनची लोकल व्हेरिएबल राहतात ती मेमरी). लोकल व्हेरिएबलमधून होणारी गळती याने थांबत नाही, त्याचं कॉन्फिग वेगळं आणि ते कर्नल बिल्ड करतानाच ठरतं, जीसीसी कंपायलर असेल तर १२ किंवा पुढचा लागतो. हद्दीबाहेर वाचणारा बग असेल तर त्यालाही हे काही करत नाही, आणि ज्या स्लॅब कॅशला (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठीचा मेमरीचा साठा) स्वतःचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट सुरुवातीला भरून ठेवणारं फंक्शन) आहे ती वगळली जाते.

लावायच्या आधी बूट लॉगमधे 'मेम ऑटो-इनिट' (mem auto-init) ची ओळ शोधा, स्टॅक, हीप अ‍ॅलॉक, हीप फ्री तिन्ही तिथे एका ओळीत दिसतात. उबुंटूवाल्यांना हीप अ‍ॅलॉक बहुतेक आधीच ऑन दिसेल.