अळिंबीने रंगवलेली लोकर: अख्खा हिवाळा वापरल्यावर

लाल रंग टिकला. ज्यांना फक्त "रंग जातो का हो?" एवढंच विचारायचंय, त्यांना हे उत्तर आधीच देऊन टाकते. पिवळा आणि निळा यांच्याबद्दल मात्र तेवढ्या खात्रीने बोलता येणार नाही.

मी दक्षिण फिनलंडमध्ये राहते. इथे जंगल कुणाच्याही मालकीचं असो, घरांच्या आवारापासून लांब राहून बेरी आणि अळिंबी गोळा करायला परवानगी लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळेच बादल्या घेऊन निघतात. बहुतेकांना खायची अळिंबी हवी असते. विणकाम करणाऱ्या बायका मात्र 'वेरिहेल्टासेइटिक्की' शोधत असतात. शास्त्रीय नाव कॉर्टिनेरियस सेमीसँग्विनियस. शेवाळात उगवणारं, तपकिरी टोपीचं लहानसं भूछत्र. वरून पाहिलं तर कुणी वाकून उचलणार नाही. उलटं केलं की टोपीखालचे कल्ले, म्हणजे पातळ पापुद्रे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, आणि देठ पिवळट. लाल हवा असेल तर देठ तोडून वेगळे ठेवायचे, कारण ते रंगाला नारिंगीकडे ओढतात.

या लालात इमोडिन, डर्मोसायबिन, डर्मोरुबिन अशी अँथ्राक्विनोन गटातली रंगद्रव्यं असतात. आपली मंजिष्ठ, आल आणि लाख यांचा लालही याच गटातला, आणि इमोडिन तर रेवंदचिनीतसुद्धा असतं. म्हणजे घराणं ओळखीचं आहे. हेलसिंकी विद्यापीठात रिइक्का रायसानेन यांनी याच भूछत्राच्या जवळच्या भावंडातली रंगद्रव्यं वेगळी काढून त्यांनी कापड रंगवण्याचा अभ्यास केला आहे. बाकी अळिंबीने रंगवणं हे काही आजीबाईच्या बटव्यातलं नाही. त्याची आजची लाट कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो इथल्या मिरियम राईस यांच्या प्रयोगांपासून सुरू झाली. त्यांचं पहिलं पुस्तक १९७४ सालचं.

रंगवणं सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. फिन जातीच्या मेंढीची पांढरी लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मंद तापवून घ्यायची: तुरटी लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, सोबत ५ ते ७ टक्के क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड). वाळवलेल्या टोप्या लोकरीच्या वजनाइतक्या घेतल्या की गडद रंग येतो. पाणी उकळू द्यायचं नाही, ८०-९० अंशांवर तासभर ठेवायचं आणि लड्या त्याच पाण्यात गार होऊ द्यायच्या. गरम लोकर गार पाण्यात टाकली तर तिचा नमदा झालाच म्हणून समजा. पहिल्या पाण्यात लड्या विटकरी लाल झाल्या. त्याच पाण्यात नंतर घातलेल्या पोवळ्याच्या रंगाच्या, आणि शेवटच्या फिकट गुलाबी. मला ही उतरती शिडीच जास्त आवडली. राखाडी लोकरीवर पहिल्या पाण्यातला लाल गडद किरमिजी होतो, तेही करून बघा.

लाल लोकरीची टोपी, हातमोजे आणि मफलर केले. हातमोजे रोज वापरले: बर्फ खरवडणं, सायकलचं हँडल, खिशात किल्ल्यांशी घासणं. अंगठ्याच्या पेराशी लोकर झिजून पातळ झाली, पण झिजलेल्या धाग्याचाही रंग आतपर्यंत लालच आहे. मफलरचा कोटाच्या पांढऱ्या अस्तराला डाग लागला नाही. वास विचाराल, तर रंगवताना स्वयंपाकघरात ओल्या पाचोळ्याचा वास भरतो, विणलेल्या कपड्याला काहीच येत नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी मायेने मफलर साध्या धुण्याच्या पावडरीत भिजवला. लाल जांभळट झाला. पावडर अल्कधर्मी, आणि हे रंग आम्ल-अल्काला लगेच दाद देतात. व्हिनेगरच्या पाण्यात खळबळल्यावर बराचसा परत आला. तेव्हापासून लोकरीचा सौम्य साबण, बस.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तीच छटा पुन्हा मिळत नाही. जंगल तेच, माप तेच, तरी पुढच्या घाण्याचा लाल थोडा नारिंगी. स्वेटर करायचा असेल तर सगळी लोकर एकाच पातेल्यात रंगवा. अर्धी बाही विणून झाल्यावर लोकर कमी पडली तर रंग जुळवत बसायची वेळ येईल.

निळा म्हणजे खरं तर निळसर हिरवा, तो सार्कोडॉन नावाच्या दुसऱ्या भूछत्राचा. खवलेदार टोपी, खाली कल्ल्यांऐवजी काटे. रंग फारच देखणा, पण पाणी अल्कधर्मी करावं लागतं आणि त्याने लोकर खरखरीत होते. त्याचे पायमोजे टाचेशी करडे पडलेत. भिंतीवर टांगायच्या विणकामाला ठीक.

भांडी, गाळणं, काठी सगळं स्वयंपाकापासून वेगळं ठेवा, यात तडजोड नको. याच जंगलात याच कुळातलं कॉर्टिनेरियस रुबेलस उगवतं. त्यातलं ओरेलॅनिन मूत्रपिंडं निकामी करतं, आणि त्रास सुरू व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. रंगवण्यासाठी आणलेलं काहीही खायच्या बादलीत मिसळायचं नाही. ओळख पक्की असलेल्या माणसाबरोबर गेल्याशिवाय तर गोळाच करू नका.

महाराष्ट्रात करता येईल का, असं बहिणीने विचारलं. हे लाल भूछत्र पाइन-स्प्रूसच्या मुळांशी जोडीने वाढतं, सह्याद्रीत शोधू नका. निलगिरीच्या झाडांखाली उगवणारा पिसोलिथस तपकिरी-सोनेरी देतो. पण लोकर पांढरी हवी. घोंगडीच्या काळ्या लोकरीवर कुठलाच रंग दिसणार नाही, आणि तिला त्याची गरजही नाही.

राहिला पिवळा. पाइनच्या बुंध्याशी येणारी फेओलस ही केसाळ बुरशी तुरटीवर झकास पिवळा देते, हिराकस चिमूटभर घातलं की शेवाळी. त्या पिवळ्याची शाल खुर्चीच्या पाठीवर असायची. एप्रिल-मेच्या लांबलचक उन्हात वरची घडी फिकी पडली, आतली अजून तशीच आहे. एवढ्यासाठी मी पुन्हा जंगल तुडवणार नाही. पिवळा कांद्याच्या सालांनीही येतो. विटला तर विटला, कांदा तरी पोटात जातो.